मोबाईल त्याचा, नंबर त्याचा, मग खातं कोणाचं?

या खेपेचं पत्र दारव्हा तालुक्यातल्या एका बहिणीचं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही. लिहून दिलं तिच्या भाचीनं पण शब्द तिचेच आहेत, मी फक्त थोडं लहान केलं.

"ताई, माझं वय 52. मालक जाऊन 3 वर्षं झाले. चार एकर वावर माझ्या नावावर चढलं, पऱ्हाटी अन् तूर लावतो. पोरगी वर्ध्याकडे दिली. धाकट्या दिराचा पोरगा आहे 24 वर्षाचा, मोबाईलचं सगळं तोच पाहते. आधारले त्याचा नंबर, बँकेत त्याचा नंबर, शेतकऱ्याचं कार्ड, पीक पाहणी, कापसाचं ॲप, सगळीकडे त्याचाच. माझ्याजवळ बटनाचा फोन. लाडक्या बहिणीचे पहिले 1500 आणून द्यायचा, आता 500 देते अन् म्हणते, मोठी आई तेवढेच आले. कापसाचे किती आले मले माहीत नाही, मागितले तसे देते. इचारावं वाटते पण त्याले राग आला तर उद्या माझं कोण करीन? पोरीनं तिचा जुना टच मोबाईल देला, तो कपाटात ठेवला, हात लावाले भेव वाटते. जाऊ म्हणते या वयात काय करता. पहिले सगळे कागद पेटीत होते अन् किल्ली माझ्या कमरेले होती. आता सगळं त्या पोराच्या खिशात गेलं. काय करू?"

ताई, आधी त्या 500 रुपयांचंच बोलू, कारण मला वाटते रात्रीची झोप त्यानंच उडाली असेल.

तो पोरगा खरं बोलत असू शकतो. लाडकी बहीण जुलै 2024 पासून सुरू झाली, महिन्याचे 1500. पण ज्या बाईच्या नावावर वावर आहे अन् जिला शेतकऱ्याचे दोन्ही हप्ते येतात, म्हणजे पीएम किसानचे वर्षाला 6000 अन् राज्याचे नमो शेतकरीचे वर्षाला 6000, तिला लाडकी बहीणमधून फक्त 500 मिळतात. हिशोब असा लावला आहे की वर्षाचे 12000 म्हणजे महिन्याचे 1000 तिला तिकडून आलेच, मग वरचे 500 देऊन 1500 पुरे करायचे. एप्रिल 2025 मध्ये सरकारनं हे उघड सांगितलं होतं पण गावात कोण सांगायला येते, बाईच्या हातात कमी पैसे पडले की तिला वाटते मधात कोणीतरी खाल्ले. तुमच्याकडे असंच झालं असेल, मालक गेल्यावर वावर नावावर चढायला वेळ लागला, तोवर पूर्ण 1500 आले, मग नाव चढलं, शेतकऱ्याचे हप्ते सुरू झाले अन् 1500 चे 500 झाले.

पण ताई, हाच हिशोब उलटा पण वाचा. 500 खरे असतील तर बाकीचे 1000 कुठे आहेत? ते महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, चार-चार महिन्यांनी 2000 अन् 2000 असे येतात. ते तुमच्या हातात पडले का? पत्रात तुम्ही त्याचं एक अक्षर लिहिलं नाही. खात्यात पडून असतील, बियाण्या-खताला गेले असतील, त्यानं सांगितलं असेल अन् तुमच्या ध्यानात राहिलं नसेल, किंवा त्यानं सांगितलंच नसेल. यातलं काय ते पासबुक सांगेल, तुमचा जीव सांगणार नाही अन् तुमची जाऊ पण सांगणार नाही.

म्हणून पहिलं काम पासबुक भरून आणायचं. बाजाराच्या दिवशी जा, भाचीला सोबत घ्या. पासबुक त्याच्याजवळ असेल तर "दे रे बाबू, भरून आणतो" एवढंच म्हणा, याच्यात विचारण्यासारखं किंवा राग येण्यासारखं काही नाही. हरवलं असेल तर बँकेत दुसरं मिळते, थोडेफार पैसे घेतात. मी आठ वर्षं बँक सखी म्हणून शाखेत बसली आहे, बायका पासबुक पन्नीत गुंडाळून आणायच्या, वरून रबर, आत मालकाचा फोटो, आधारची झेरॉक्स, कधी पोराच्या शाळेचा दाखला. किती तरी जणींचं पासबुक दोन-दोन वर्षं भरलेलंच नसायचं. मशीन खडखड करत ओळीमागून ओळ छापायचं अन् ती बाई कागदाकडे अशी पाहायची जसं काही कोणाचं पत्र आलं आहे. बँकेत कोणीही असो, काउंटरवर मान खाली घालून उभं राहू नका, "या ओळी वाचून सांगा, कोणते पैसे कुठून आले" असं म्हणायचा तुमचा हक्क आहे, खातं तुमचं आहे.

पासबुकात दोन्हीपैकी कशाचेच पैसे दिसले नाहीत तर लगेच पोरावर जाऊ नका. सरकारचे पैसे आधारवरून येतात अन् आधार ज्या बँकेच्या खात्याला शेवटचं जोडलं असते त्याच खात्यात पडतात. मधात कोणी सिम देताना, कर्जाचं मीटिंग घेताना तुमचा अंगठा घेऊन दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे पडून राहतात अन् बाईला पत्ता नसतो. आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे हे सेतूवर किंवा बँकेत पाहून सांगतात, साईटवर पाहायचं तर ओटीपी मात्र लागते, म्हणजे पुन्हा गाडी त्या नंबरवरच येऊन थांबते.

आता नंबरचं. माझं सगळं सांगणं खरं तर एवढंच आहे. तुम्ही लिहिलं की सगळं त्या पोराच्या खिशात गेलं, ते अगदी बरोबर लिहिलं, फक्त ते मोबाईलनं गेलं नाही, नंबरनं गेलं. फोनपे, गूगलपे, जे काही ते यूपीआय म्हणतात, 2016 मध्ये आलं, ते सिमवर चालते. बँकेत जो नंबर लिहिला आहे ते सिम ज्या फोनमध्ये, त्या फोनमध्ये खातं उघडते. मग बँकेत त्याचा नंबर म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली त्याच्याजवळ, तो चांगला असला तरी त्याच्याजवळ अन् वाईट असला तरी त्याच्याजवळ. आधारला त्याचा नंबर म्हणजे तुमचा अंगठा सोडून बाकी सगळी सही त्याची. शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल 2025 पासून आपल्याकडे शेतीच्या योजनांना लागून राहिला, तो आधारच्या ओटीपीवर. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर 2025 पासून कपास किसान ॲपवर नाव टाकावं लागते अन् पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. ही चांगली गोष्ट आहे ताई, मी त्याच्या विरोधात नाही. मला आठवते चुकारा घ्यायला माणसं दिवसभर बाहेर बसून राहायची अन् संध्याकाळी "उद्या या", त्यापेक्षा 2025-26 च्या हंगामासारखे लांब धाग्याच्या कापसाचे 8110 क्विंटलमागे सरळ खात्यात पडणं कधीही बरं. पण खात्यात पडले हे जिचं खातं तिलाच कळत नसेल तर मधातला माणूस गेला कुठे, तो फक्त बदलला. पहिले व्यापारी होता, आता घरातला पोरगा आहे.

माझ्या स्वतःच्या आईचं सांगते. तिच्या आधारला, बँकेला, गॅसला माझ्या भावाचा नंबर होता, मीच लिहून दिला होता, मला वाटलं घरातलाच आहे. भाऊ चाकणकडे कंपनीत लागला, तिथं त्यानं नवीन सिम घेतलं, जुन्याला रिचार्ज मारला नाही. असा नंबर बंद पडला की कंपनी किमान 90 दिवस थांबते अन् मग दुसऱ्याला देऊन टाकते. एक दिवस मी आईचं केवायसी करायला बसली, ओटीपी पाठवला, दहा मिनिटं वाट पाहिली, पुन्हा पाठवला. शेवटी त्या नंबरवर फोन लावला तर नंदुरबारकडचा कोणी माणूस. म्हणाला, ताई मला रोज कोणाचे तरी ओटीपी येतात, मी डिलीट करून टाकतो. भला माणूस निघाला. पण चार महिने माझ्या आईच्या खात्याची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात होती अन् आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं, आई तर रोज देवापुढे दिवा लावून म्हणायची पोरांनी सगळं चांगलं करून ठेवलं. ते ऐकून मला आजही कसंतरी होते. तेव्हापासून मी कोणत्याही बाईचा फॉर्म भरताना नंबरच्या रकान्यावर थांबते अन् विचारते, हा नंबर कोणाचा आहे, तुमचा आहे का?

अन् इथेच तुमची भीती निम्मी कमी होते. ओटीपी यायला टच मोबाईल लागत नाही! तुमच्या बटनाच्या फोनवर पण येते. म्हणजे कपाटातला मोबाईल कपाटातच राहू द्या सध्या, आधी तुमच्या बटनाच्या फोनमधलं सिम कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मालकाच्या नावावर असेल तर बदलून घ्या, नाहीतर नवीन सिम स्वतःच्या आधारवर घ्या. नेट नको असेल तर नुसतं बोलायचं अन् मेसेजचं रिचार्ज पण मिळते, 2025 पासून कंपन्यांना ते ठेवावंच लागते, दुकानदार मोठं रिचार्ज गळ्यात मारायला पाहील, त्याला तसं सांगा. ते सिम कधी बंद पडू देऊ नका.

मग आधारचा नंबर बदलायचा. याला कागद लागत नाही, फक्त तुम्ही स्वतः अन् तुमचं बोट लागते. आधार केंद्रात 75 रुपये घेतात, ऑक्टोबर 2025 च्या आधी 50 होते, 75 च्या वर कोणी मागितले तर पावती मागा. तालुक्याला जाणं होत नसेल तर पोस्टमनला विचारा, 2021 पासून पोस्टाची बँक हे काम पोस्टमनच्या हातून करून घेते, दारात येऊन. अन् लक्षात ठेवा, आधारचा नंबर बदलला म्हणजे बँकेतला आपोआप बदलत नाही, पुष्कळ जणी इथेच फसतात. बँकेत वेगळा फॉर्म भरावा लागते, त्याच दिवशी दोन्ही करून या. बँकेत नंबर बदलला की त्याच्या फोनमधलं तुमच्या खात्याचं यूपीआय चालणं बंद होते, नाही झालं तर तिथेच सांगून बंद करून घ्या अन् एटीएम कार्ड त्याच्याजवळ असेल तर मागून घ्या. गॅस, रेशन, पीएम किसान हे सगळं मग सवडीनं, एकेक.

बोट उमटलं नाही तर घाबरू नका. वेचणीच्या दिवसात बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं कशी होतात ते मला माहीत आहे, मशीनवर ठेवलं की लाल लाईट, पुन्हा ठेवलं पुन्हा लाल, मागची लाईन चुकचुक करते अन् बाई पदराला बोट पुसत राहते जसं काही तिनंच काही चूक केली. आदल्या रात्री कोमट पाण्यानं हात धुऊन थोडं खोबऱ्याचं तेल लावा, जाताना पुसून घ्या, दहाही बोटं लावून पाहायला सांगा, अंगठाच पाहिजे असं काही नाही. पीएम किसानच्या केवायसीला तर 2023 पासून चेहऱ्यावर पण होते.

आता पोराचं बोलू. ताई, मी तुमच्या बाजूनंच आहे पण त्या पोराची बाजू पण कोणीतरी सांगितली पाहिजे. प्रत्येक गावात असा एक पोरगा असतो, जरा शिकलेला, नोकरी लागली नाही, हातात बरा मोबाईल. मग मोठ्या आईचं कर, मामाचं कर, शेजारच्या आजीचं कर, सरपंचानं पाठवलेल्या चार बायांचं कर. दिवसा साईट चालत नाही म्हणून रात्री दोन वाजता उठून करते, पीक पाहणी करायला भर पावसात दुसऱ्याच्या वावरात जाऊन उभं राहते कारण ॲप घरी बसून फोटो घेत नाही, वावरापाशीच जावं लागते. सेतूवाला याच कामाचे पैसे घेते, याला कोणी चहा पण पाजत नाही, उलट एखादा हप्ता अडकला की सगळे याच्याच दारात. मी असे पोरं पाहिले आहेत, काही थकून चिडखोर झाले, काहींना वाटायला लागलं की एवढं करतो तर थोडे ठेवले तर काय बिघडलं. ते चूकच आहे. पण ते पोरगं चोर म्हणून जन्माला येत नाही, आपण सगळ्यांनी मिळून सगळ्या गावाच्या किल्ल्या एका 24 वर्षाच्या पोराच्या खिशात टाकल्या अन् वर हिशोब पण विचारला नाही, विचारायची लाज धरली.

म्हणून त्याच्या पाठीमागून काही करू नका. पासबुक भरून आणलं की नंबर बदलायला त्यालाच सोबत न्या. चारचौघात नाही, पानठेल्यावर त्याचे दोस्त असताना तर मुळीच नाही, सकाळी चहाच्या वक्ताला, अन् असं म्हणून पाहा: "बाबू, तू माह्यासाठी लय केलं. माह्या केवायसीपायी रात्रीचा जागला. आता माह्या नंबरचं माह्याच फोनवर येऊ दे, तुले वावरातून उठून ओटीपी सांगाची कटकट नाही. चाल माह्यासंग दारव्ह्याले, पेट्रोल माह्याकडून." बस. याच्यात भरोसा नाही असं कुठेच नाही. जो सरळ आहे तो मनातून खूष होईल, त्याचं ओझं उतरलं. जो टाळाटाळ करेल, आज साईट बंद, उद्या केंद्र बंद, पुढच्या महिन्यात पाहू, त्याच्या टाळण्यातच तुम्हाला उत्तर मिळेल, मग पोस्टमनला बोलवा अन् करून मोकळ्या व्हा. अन् पुढेही ॲपचं काम त्यालाच सांगा, काम त्यानं करावं अन् नंबर तुमचा असावा, दोन्ही सोबत चालते. फक्त त्या कामाचे त्याला काहीतरी देत जा, हंगामाला एक ठरवून द्या. फुकटाच्या कामाचा हिशोब कोणाला मागता येत नाही, ना तुम्हाला ना त्याला.

पासबुकात खरंच मोठी रक्कम गेलेली दिसली तर? तर आधी घरात, दीर अन् जाऊ समोर, पासबुक मधात ठेवून, ओळीवर बोट ठेवून विचारा, रागानं नाही. शेतीला लागले असतील तर तो सांगेल, दुकानाच्या पावत्या असतील. उत्तर नाही मिळालं अन् उलट तुमच्यावरच आवाज चढला तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती आहे हे पण विचारत नाहीत, 15100 वर फोन केला तरी चालते. घरातल्या पोरावर एवढं करणं जीवावर येते, मला माहीत आहे. पण चार एकराचं वर्षभराचं कापसाचं उत्पन्न म्हणजे तुमचं म्हातारपण आहे ताई, ते लाजेपायी सोडून देऊ नका.

राहिला कपाटातला मोबाईल. तुमच्या जावेनं म्हटलं या वयात काय करता, ते वाचून मला राग आला, खरं सांगते. 52 हे काय वय आहे? त्याच हातांनी तुम्ही मालक गेल्यावर तीन हंगाम काढले, मजूर लावले, फवारणीचं पाहिलं, उधारी फेडली. 2019 ते 21 चं जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं त्यात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54 टक्के बायांजवळच स्वतः वापरते असा मोबाईल होता, म्हणजे जवळपास निम्म्या बायांजवळ तर तुमच्यासारखा बटनाचा फोन पण नव्हता. मेळघाटातल्या हरिसालला 2016 मध्ये राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हटलं तेव्हापासून आम्ही बायांच्या गटात बोलत आलो की गावात नेट आलं हे चांगलंच, पण ते घरात कोणाच्या हातात आलं ते पण पाहा.

सुरुवात लहान करा. आमच्या गटात एक आजी होत्या, सत्तरीच्या, अंगठा लावायच्या. त्यांना बँकेचा मेसेज वाचायला शिकवायचा होता अन् मेसेज तर इंग्रजीत. मग आम्ही दोन अक्षरांची ओळख करून दिली. पैसे आले की मेसेजमध्ये 'सी' पासून सुरू होणारा शब्द असतो, ते अक्षर चंद्रकोरीसारखं दिसते. पैसे गेले की 'डी' चा शब्द, ते अक्षर अर्ध्या भाकरीसारखं, एका बाजूनं सरळ अन् एका बाजूनं पोट निघालेलं. आकडे तर त्यांना येतच होते, बाजार करायच्या ना. आठ दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या, फोन समोर धरला अन् म्हणाल्या, "पाय वं, भाकर आली, माह्ये 300 कोणं काढले?" त्यांच्याच नातवानं रिचार्ज मारला होता अन् सांगायचा राहिला होता. पण त्या दिवसापासून नातू विचारून पैसे काढायला लागला. हे बटनाच्या फोनवर झालं ताई, टच मोबाईलवर नाही.

असा मेसेज वाचणं जमलं की मग टच मोबाईल काढा. पहिले आठ दिवस पैशाचं काही करू नका, फक्त पोरीला व्हिडिओ कॉल लावा, नातवंडाचं तोंड पाहा. लिहिता येत नाही म्हणून अडू नका, तो माईक दाबून आपल्या बोलीत बोलून पाठवा, तिकडे ती ऐकते. माईक दाबून गुगललाही मराठीत विचारता येते, आजचा तुरीचा भाव काय, अमरावतीला पाऊस आहे का. सातबारा पण पाहता येते, आपल्या गटावर कोणाचं नाव आहे, कोणता बोजा चढला आहे का, त्यासाठी आता तलाठ्याच्या मागे फिरायचं काम नाही, अन् डिजिटल सहीचा पाहिजे असेल तर 15 रुपयांत निघते. भाचीकडून शिका, सातवी-आठवीतली पोरगी सगळ्यात चांगली शिकवते, ती हसत नाही. फोन खराब होईल ही भीती सोडा, चुकीचं बटन दाबलं तर मागे यायचं बटन असतेच.

पैशाचं ॲप टाकायचं की नाही ते नंतर तुम्ही ठरवा. नाही टाकलं तरी काही अडत नाही, बटनाच्या फोनवर *99# लावून पण बाकी पाहता येते अन् पैसे पाठवता येतात, मराठीतून. पण टाकलं तर एवढं पक्कं डोक्यात ठेवा की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. कोणी म्हणेल हप्ता अडकला आहे, हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील, तर तो फोन ठेवून द्या. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा पीएम किसानची यादी म्हणून फाईल आली अन् शेवटी एपीके (apk, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) लिहिलं असेल तर उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही, त्याचा फोन पण कोणी ताब्यात घेतलेला असू शकते. पोलीस बोलतो, तुम्हाला डिजिटल अटक केली असं कोणी म्हटलं तर अशी अटक कायद्यात नाहीच. अन् पैसे गेलेच तर रडत बसू नका, भावाला फोन करत बसू नका, पहिला फोन 1930 ला, जितक्या लवकर कराल तितके पैसे मधातच अडवता येतात, मग बँकेत.

अंगठ्याचं पण तसंच. गावात अंगठा लावून पैसे देणारा जो असतो त्याच्याकडे गेल्या तर मशीनवर किती आकडा टाकला तो आधी पाहा, मग बोट ठेवा, पावती घ्या. "आलं नाही, पुन्हा लावा" म्हणाला तर पुन्हा लावायच्या आधी फोनमध्ये मेसेज पाहा, अर्धी भाकर आली असेल तर पैसे निघालेले आहेत.

तुम्ही लिहिलं होतं, किल्ली माझ्या कमरेले होती. आता ती किल्ली म्हणजे तुमचा मोबाईल नंबर, तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहा अन् पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, पासबुक पण पेटीतच ठेवा. पिन मात्र कुठेच लिहू नका. फोन सांजच्यालाच चार्जिंगला लावत जा, रात्री लाईन गेली की सकाळी ओटीपीच्या वक्ताला फोन बंद असतो. अन् पासबुक भरून आणलं की भाचीकडून मला कळवा, चार महिन्यांतले 2000 चे दोन हप्ते त्यात दिसले की नाही ते.